पाळणाघरात पोरगं रुळवायचं तर

जमत असेल तर जूनमध्ये पोरगं पाळणाघरात घालू नका. शाळा सुरू होतात म्हणून सगळेच जून गाठतात. बाहेर पाऊस, दोरीवर न वाळलेली दुपटी आणि आत सगळी नवी पोरं. एक कसंबसं गप्प होतं, तोवर दुसरं भोकाड पसरतं, की पहिलं पुन्हा सुरू. कोल्हापुरात राजारामपुरीत मी पाळणाघर चालवते. दिवाळीनंतर किंवा मार्चात आलेलं पोरगं माझ्याकडं निवांत रुळतं, कारण तेव्हा मावशीचे हात मोकळे असतात.

वयाचंही एक गणित आहे. बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची, त्यातले ८ आठवडे आधी घेता येतात. म्हणजे रजा संपते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं असतं. या वयात बाळ बहुतेक कुणाच्याही कडेवर जातं. सात-आठ महिन्यांपासून त्याला आपलं आणि परकं कळायला लागतं, आणि दहा ते अठरा महिने हा सगळ्यात नाजूक काळ. "थोडं मोठं होऊ दे, मग घालू" म्हणत बरोबर वर्षानं येणाऱ्या आया नेमक्या याच काळात सापडतात. तुम्हीही त्यातल्या असाल तर घाबरू नका, फक्त वेळ जास्त धरा.

आता मुख्य गोष्ट. पोरगं खोलीला रुळत नाही, भिंतीवरच्या हत्ती-सशांना तर मुळीच नाही. ते एका माणसाला रुळतं. म्हणून पाळणाघर बघायला गेलात की खेळणी मोजत बसू नका. सरळ विचारा, "सकाळी माझ्या हातातून पोरगं कोण घेणार? दुपारी झोपवणार कोण?" दोन्हीचं उत्तर एकच मावशी असेल तर उत्तम. "आम्ही सगळ्या बघतो" असं उत्तर आलं तर पुढचं घर बघा. फाटकाची कडी पोराच्या हाताला लागते का आणि पाण्याच्या टाकीला झाकण आहे का, हे मात्र न विचारता स्वतः जाऊन बघायचं.

मावशी ठरली की तिला घरच्या बारीकसारीक गोष्टी सांगा. पाठीवर थोपटलेलं चालतं की केसांतून हात फिरवलेला, पाण्याला काय म्हणतो, शी लागली की कुठं जाऊन उभा राहतो. माझ्याकडं एक पोरगं घरून चहाचा चमचा घेऊन यायचं. स्टीलचा, दांडीला जरा वाकलेला. झोपताना तो गालाखाली, जेवताना डाव्या हातात, आणि कुणी मागितला की मूठ घट्ट. त्याच्या आईला लाज वाटायची, म्हणून एकदा तिनं त्याऐवजी नवं टेडी पाठवलं. दिवसभर पोरानं त्याकडं बघितलंसुद्धा नाही. घरची वस्तू हवी म्हणजे घरचीच, वापरातली. आईची जुनी ओढणी असेल तर धुवून देऊ नका, वासासाठीच तर ती हवी असते.

नोकरीवर हजर व्हायच्या आधी दोन आठवडे हाताशी ठेवा. सुरुवातीला तासभर तुम्हीही आत बसा, पण कोपऱ्यात. पोराशी खेळायचं मावशीनं, तुम्ही नुसतं दिसत राहायचं. मग पंधरा-वीस मिनिटं बाहेर जाऊन या. त्यानंतर जेवणापर्यंत ठेवा आणि झोप सगळ्यात शेवटी. परक्या जागी डोळे मिटणं हेच पोराला सगळ्यात जड जातं. तिथं झोप लागली की अर्धी लढाई जिंकली.

सोडताना गुपचूप सटकू नका. घरची म्हातारी माणसं हाच सल्ला देतात, "त्याचं लक्ष नाही तोवर जा." पण मग ते दिवसभर दाराकडं बघत बसतं आणि दुसऱ्या दिवशी तुमचा पदर सोडत नाही. सांगून जा, रोज त्याच शब्दांत, आणि लगेच जा. घड्याळाची वेळ सांगू नका, त्याला ती कळत नाही. शिवाय पावसाळ्यात परीख पुलाखाली पाणी तुंबलं की तुमचे साडेपाचाचे सहा ठरलेले. "दूध पिऊन, खेळून झालं की आई येणार," एवढं पुरे. आणि "रडलास तर येणार नाही" हे वाक्य तोंडातून चुकूनही नको.

आता येण्याजाण्याबद्दल. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, असं २०१७ च्या दुरुस्तीनं कायद्यात आलं. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जायची मुभाही त्यातच आहे. अंगावर पिणारं बाळ असेल तर ती जरूर वापरा. दीड-दोन वर्षांच्या पोराकडं मात्र सुरुवातीला मधेच डोकावू नका. प्रत्येक वेळी निरोप नव्यानं, रडणंही नव्यानं. मंगळवार पेठेतून दुपारी डबा घेऊन येणाऱ्या आजीलाही हेच सांगा, जरा गोडीत. डबा सकाळीच पोराबरोबर द्यावा. मऊ भात, वरण, नाचणीची खीर. रविवारचा उरलेला, मटणाच्या पाण्यात शिजवलेला अळणी भात सोमवारी पाठवू नका. पोरांना आवडतो हे मान्य, पण दुपारपर्यंत टिकायची खात्री नाही.

संध्याकाळी तुम्हाला बघून पोरगं रडलं म्हणजे दिवसभर हाल झाले, असं नाही. आवरून धरलेलं रडू आपल्या माणसापाशीच सुटतं. "दिवसभर काय काय केलंस?" असा मारा न करता आधी कडेवर घ्या. आठवडाभर छान जाणारं पोरगं दुसऱ्या आठवड्यात अचानक अडून बसतं, तेही ठरलेलंच. हे रोजचं आहे, हे त्याला आत्ता कुठं कळलेलं असतं.

महिना उलटूनही ते दिवसभर रडत असेल, पाणीसुद्धा घेत नसेल, ठरावीक माणूस दिसला की अंग चोरत असेल, तर मात्र समजूत घालत बसू नका. न सांगता मधल्या वेळी जाऊन बघा. आत घ्यायला खळखळ केली तर त्याच दिवशी पोरगं घरी आणा. ताप असताना पाठवू नका. पहिल्या काही महिन्यांत सर्दी-खोकला पाठोपाठ होतो, त्यासाठी रजा राखून ठेवा.

गणपती, दिवाळीच्या सुट्टीनंतर थोडं मागं जाणं होतंच. सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी मावशीला फोन लावून तो पोराच्या कानाला धरा, आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर लगेच घरी घेऊन जा.