सुट्टी संपताना घरचा निरोप कसा घ्यावा: पहिल्यांदा फील्डला निघालेल्या जवानासाठी

फौजेत २४ वर्षं काढून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. वर्षातून दोनदा तरी घर सोडून निघालो असेन, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं ते मला नीट जमलं नाही. लग्न होऊन पहिल्यांदा फील्डला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा सीमेकडच्या पोस्टिंगला, चाललेल्या पोरांसाठी हे लिहितो आहे.

कागदपत्रांचं बोलणं निघायच्या आदल्या रात्री काढू नकोस. सुट्टीच्या मधल्या आठवड्यात काढ, भर दिवसा, बायको आणि आईवडील सगळे समोर असताना. लग्नाची आणि मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डमधली अधिकृत नोंद, झाली आहे का? आर्मी ग्रुप इन्शुरन्सला नॉमिनी म्हणून अजून एकट्या आईचंच नाव आहे का? पगाराचं खातं जॉइंट केलंस का? बायकोचं नाव आधारवर आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये अक्षरन् अक्षर सारखं आहे का, तेही बघ. एका अक्षराच्या फरकापायी घरच्यांना हेलपाटे पडतात. कुणाच्या नावावर काय केलं आहे ते तूच तुझ्या तोंडाने सांग. आईला ते पुढे कधी दुसऱ्याकडून कळलं, तर तिच्या मनात सुनेबद्दल अढी बसते, आणि ती काढायला तू तिथे नसतोस.

आर्मी नंबर, युनिट, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन, हे सगळं एका कागदावर लिहून दे. माझ्या बायकोने तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. पत्रासाठी ५६ एपीओ किंवा ९९ एपीओचा, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचा, पत्ता तिला स्वतःच्या हाताने लिहायला लाव. त्यात ठिकाणाचं नाव नसतं, त्यामुळे पहिल्यांदा लिहिताना माणूस गोंधळतो.

फोनचं आधीच समजावून ठेव. उंचावरच्या पोस्टवर जायचं असेल तर लांबलचक सुट्टीनंतर शरीराला पुन्हा सवय करावी लागते: साधारण ९ हजार फुटांवर ६ दिवस, १२ हजारांवर ४ आणि १५ हजारांच्या वर आणखी ४. म्हणजे ‘पोहोचलो’ हा फोन एकदाच येणार नाही, आणि मध्ये चार-पाच दिवस काहीच कळणार नाही. हे माहीत असलं की घरात रात्री दिवा जळत राहत नाही. स्टेशनवरचे फोटो, गाडीचं नाव, तारीख कुणी स्टेटसला टाकणार नाही, हेही भावंडांना बजाव.

आता मुलांचं. माझी मुलगी तीन वर्षांची असताना मी पहाटे तिला झोपेतच सोडून निघालो. रडेल म्हणून. ती उठल्यावर खाटेखाली, दारामागे, सगळीकडे मला शोधत राहिली. पुढच्या सुट्टीत ती माझा शर्ट मुठीत धरून झोपायची. मी कूस बदलली तरी दचकून उठायची. त्यानंतर मी कधीच तिला न उठवता गेलो नाही. मूल रडलं तर रडू दे. उठव, उचलून घे, सांग की मी चाललो आहे आणि परत येणार आहे. तारीख मात्र सांगू नकोस. ‘वाढदिवसाला येतो’ असं मी एकदा म्हणून बसलो, आणि ऐन वेळी सुट्टी रद्द झाली. ‘सुट्टी मंजूर झाली की पहिल्यांदा तुला कळवतो’, एवढंच म्हणावं.

वडिलांना काहीतरी काम दे. माझे वडील निघताना एक शब्द बोलायचे नाहीत, फक्त बॅगेचे पट्टे दोन-दोनदा आवळायचे. एकदा घाईत ते मीच आवळून टाकले. ते नुसते उभे राहिले, हात कुठे ठेवावे ते त्यांना सुचेना.

बायकोसाठी आदल्या संध्याकाळचा एक तास राखून ठेव. पाहुण्यांना दुपारीच भेटून घे. त्या तासात घरखर्च, उधारी, शाळा काही काढू नकोस. ती गप्प बसली तर तूही बस.

घरच्यांना दारातच निरोप दे. प्लॅटफॉर्मवर गर्दीत धड बघताही येत नाही, आणि परत जाताना आई एकटी पडते. स्टेशनला एखादा मित्र किंवा भाऊ पुरे.

गाडी हलल्या हलल्या फोन करू नकोस. तासाभराने कर, तोवर त्यांचं रडून झालेलं असतं. आधी आईशी बोल, मग बायकोशी, म्हणजे तिला फोन कुणाला द्यायची घाई राहत नाही.