हळदीच्या कागदी दागिन्यांची तयारी

हळद रविवारी असेल, तर कागदाला हात गुरुवारीच लागला पाहिजे. हे दागिने करायला अवघड नाहीत, पण वाळायला वेळ घेतात.

आधी कागद. पदक, बिंदी आणि कानातल्यांसाठी मी दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद घेते. सुती चिंध्यांच्या लगद्याचा, जाड आणि चिवट. मण्यांना तो चालत नाही, तिथं 100 ते 120 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) ड्रॉइंग पेपर बरा. तो एकदा उभा, एकदा आडवा हलका वळवून बघा. ज्या दिशेनं सहज वळेल, तिकडंच पट्टीची लांबी धरायची, नाहीतर मणी उकलत राहतो. पट्टी 30 सेंटिमीटर लांब, बुडाशी दीड सेंटिमीटर आणि टोकाला निमुळती. एका कंठीला असे 30 मणी पुरतात. चार-पाच जास्तीचे करून ठेवा.

ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात द्यायचे. जाड थापला की गुंडाळताना तडकतो. वैशाखात आपल्याकडं ब्रश खाली ठेवला की ताठ होतो आणि पंखा लावला तर पट्ट्या उडतात, म्हणून सकाळी ऊन चढायच्या आत बसा. पाण्याचा डबा आणि ओलं फडकं जवळ असू द्या. रंगवलेला कागद वाळला की रात्रभर दोन पाटांमध्ये ठेवून वर गव्हाचा डबा ठेवायचा, म्हणजे सुरकुतत नाही. मण्यात चित्र दिसत नाही, दिसतात त्या पट्टीच्या कडा. त्या सोनेरी करा. पैठणीच्या पदरावरचे पोपट-मोर पदकावर काढा, तिथं ते शोभतात.

गुंडाळायला गोधडीची दाभण, चिकटवायला फेविकॉल. हुक, कड्या, दोरा कटलरीच्या दुकानात मिळतो. बारकी पकड घरात असतेच.

आता वार्निश, आणि इथं हयगय नको. भाचीच्या हळदीला मी पदकाला फक्त पुढून हात दिला होता. अर्ध्या तासात हळदीचं पाणी कापलेल्या कडेतून आत शिरलं, पदकाचे चिकटवलेले तीन थर सुटे झाले आणि हिरवा पोपट पिवळा पडला. पोरीनं ते काढलं नाही, तसंच मिरवलं, पण मला फार लागलं. तेव्हापासून पाण्यात मिसळणाऱ्या वार्निशचे तीन हात देते: पुढून, मागून, कडांना आणि दोरा ओवायच्या भोकातसुद्धा. प्रत्येक हातानंतर दोन-तीन तास थांबते. मणी खराट्याच्या काड्यांवर अडकवून काड्या ज्वारीच्या तांब्यात रोवल्या, की एकमेकांना न लागता वाळतात.

शनिवारी सगळं ओवून झालं की स्टीलच्या डब्यात, प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घालून ठेवा. डबा उन्हात उभ्या गाडीत मात्र राहू देऊ नका. वार्निश मऊ पडून दागिने एकमेकांना चिकटतात.