सागवानी टेबलाचा टॉप फुटू नये म्हणून

वाळलेल्या फळ्या घ्या, रंधून सरळ करा, कडेला कड फेविकॉलने जोडा, रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवा. शेजारच्या फळ्या एकाच दिशेने फुगतात-आकसतात, म्हणून इथे सरस खुशाल वापरा. टॉपखालच्या चौकटीच्या पट्ट्या पायांत खाच-कूस करून (पायात खाच, पट्टीच्या टोकाला तीत बसणारी कूस) सरसानेच बसवा. इथपर्यंत कुणाचं फारसं चुकत नाही.

चुकतं ते टॉप चौकटीवर बसवताना.

माझं पहिलं टेबल मी रत्नागिरीत, ऐन ऑगस्टमध्ये केलं. चौकटीवर सरस फासला, खालून चौदा स्क्रू आवळले. एप्रिलमध्ये एका रात्री काडकन आवाज आला. सकाळी पाहतो तर जोड शाबूत आणि त्याच्या शेजारी अखंड फळीत वीतभर चीर, नख आत जाईल एवढी. ‘पुटी भर’ असं सांगितलं गेलं, मी भरली. पावसात चीर मिटायला लागली आणि पुटीचा कंगोरा बोटाला लागू लागला.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सागवान इतर लाकडांपेक्षा शांत. तरीही ३ फूट रुंदीच्या टॉपमध्ये कोकणातल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ५-६ मिलिमीटर फरक सहज पडतो. खालची आडवी पट्टी मात्र तेवढीच राहते. दोघांना जखडलंत तर टॉप फाटणारच. ‘पॉलिश मारलं की लाकूड हलत नाही’ हे साफ खोटं आहे. पॉलिशने ओल उशिरा शिरते, थांबत नाही.

म्हणून टॉप आणि चौकट यांच्यामध्ये सरसाचा थेंबही नको. लाकडी गुटके, म्हणजे छोटे ठोकळे, करा. गुटक्याच्या एका टोकाला १० मिलिमीटरची जीभ काढा, ती चौकटीच्या आतल्या खाचेत सरकेल, आणि स्क्रू गुटक्यातून टॉपमध्ये जाईल. गुटक्यातल्या लाकडाच्या रेषा जिभेच्या लांबीतच हव्यात. आडव्या रेषांची जीभ स्क्रू आवळताना तुटते. जीभ खाचेत धरली की गुटका आणि टॉप यांत १ मिलिमीटर फट दिसली पाहिजे, तरच स्क्रू टॉपला खाली ओढून धरतो.

आता ऋतू पाहा. लांब पट्ट्यांवर, पावसाळ्यात बसवताय तर जीभ खाचेच्या तळाशी जवळजवळ टेकवा, कारण टॉप आता आकसणारच आहे. मे महिन्यात बसवताय तर जिभेपुढे ४ मिलिमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर फुगलेला टॉप चौकटीलाच बाहेर रेटेल. आखूड पट्ट्यांवर खाच गुटक्यापेक्षा लांब ठेवा, गुटका बाजूला सरकायला हवा. या पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर तेवढा एकेक स्क्रू थेट टॉपमध्ये घ्या. मग हालचाल दोन्हीकडे सारखी वाटली जाते.

स्क्रू टॉपच्या जाडीच्या दोन-तृतीयांशापेक्षा खोल नको.

पॉलिश वर जेवढे हात, तेवढेच खालून. खालची बाजू कोरी राहिली की टॉप परातीसारखा वळतो, आणि तो गुटक्यांनी सरळ होत नाही.