शिष्यवृत्ती टिकवायची तर हजेरीचा सोपा हिशोब

बडोद्यात शिकणाऱ्या मुलांनो, गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेतल्या शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला आधीच्या वर्षात ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. गुणांची काळजी सगळेच करतात, हजेरी मात्र राहून जाते.

१. दर महिन्याला कार्यालयातून हजर व गैरहजर तासांचे आकडे घ्या.

२. गैरहजर तासांची तिप्पट करून त्यातून हजर तास वजा करा. उरतील तितके तास सलग बसलात की ७५ टक्के भरतात. उदाहरणार्थ, ४० हजर, २० गैरहजर: ६० वजा ४०, म्हणजे पुढचे २० तास एकही चुकवायचा नाही. उत्तर शून्य किंवा उणे आलं तर आत्ता तरी चिंता नाही.

सत्रात तेवढे तास उरलेत का, हे मात्र आधी वेळापत्रकात पाहा.