इन्स्टॉलरने टाइमझोन चुकीचा धरला? आधी फरक मोजा, मग घड्याळाला हात लावा

नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून झाली, लॅपटॉप सुरू झाला, सकाळचे दहा वाजलेत आणि कोपऱ्यातलं घड्याळ म्हणतंय आदल्या रात्रीचे साडेनऊ. अशा वेळी बहुतेक जण सरळ घड्याळावर क्लिक करतात आणि आकडे हाताने सरकवून मोकळे होतात. नेमकं तेच करायचं नाही.

कॉम्प्युटर आतल्या आत एकच वेळ मोजत असतो, ती म्हणजे यूटीसी, जगभर समान धरलेली प्रमाणवेळ. आपल्याला दिसते ती वेळ म्हणजे यूटीसीमध्ये टाइमझोनची बेरीज-वजाबाकी. भारतासाठी ती अधिक साडेपाच तास. इन्स्टॉलरने, म्हणजे सिस्टिम टाकणाऱ्या प्रोग्रॅमने, टाइमझोन चुकवला, तरी आतली वेळ बहुधा बरोबर असते, चुकीची असते ती फक्त बेरीज. हाताने आकडे सरकवलेत की बरोबर असलेली आतली वेळही बिघडते. मग मेल भविष्यातल्या वेळेचा शिक्का घेऊन जातात, लॅपटॉपवरच्या ऑथेंटिकेटरचे (लॉगिनसाठी कोड देणाऱ्या ॲपचे) दर ३० सेकंदांनी बदलणारे कोड जुळत नाहीत, ब्राउझर एखाद्या साइटच्या सर्टिफिकेटवरून (साइट खरी असल्याच्या दाखल्यावरून) कुरकुरतो. ऑफिसचं विंडोज डोमेन (सगळे कॉम्प्युटर आणि लॉगिन एकत्र सांभाळणारी व्यवस्था) असेल तर लॉगिनच अडतं, कारण तिथे सर्वसाधारणपणे पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. शिवाय इंटरनेटवरून वेळ जुळवणं चालू असेल, तर थोड्या वेळाने तुमची मेहनत पुसली जाते ती वेगळीच.

पहिली पायरी: फरक किती ते बघा

मोबाइल शेजारी ठेवा आणि लॅपटॉप किती तास-मिनिटं मागे किंवा पुढे आहे ते मोजा. तारीखही बघा, ती विसरू नका. निम्मं निदान इथेच होतं.

साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे असेल, तर सिस्टिम अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे पॅसिफिक टाइमवर आहे. उन्हाळ्यात तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणून दोन आकडे. साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे म्हणजे न्यूयॉर्क. दीड तास मागे म्हणजे दुबई, अडीच तास पुढे म्हणजे सिंगापूर, अर्धा तास मागे म्हणजे कराची, अर्धा तास पुढे म्हणजे ढाका आणि जेमतेम पंधरा मिनिटं पुढे म्हणजे काठमांडू. कोलंबो धरलं गेलं असेल तर फरक दिसणारच नाही. श्रीलंकेची वेळ सध्या आपल्यासारखीच आहे, पण नाव बदलून घेतलेलं बरं. उद्या त्यांनी वेळ बदलली तर तुमचं घड्याळ उगाच त्यांच्यामागे जाईल.

बरोबर साडेपाच तासांचा फरक मात्र फसवा आहे. टाइमझोन यूटीसी राहिला असेल, हिवाळ्यात लंडन धरलं गेलं असेल किंवा एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स (दुसरी एक ऑपरेटिंग सिस्टिम) दोन्ही असतील. हा तिसरा प्रकार वेगळाच आजार आहे, त्याकडे शेवटी येऊ.

असं होतं तरी का?

बरेच इन्स्टॉलर इंटरनेट जोडलेलं असेल तर तुमच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या क्रमांकावरून, गाव ओळखायचा प्रयत्न करतात. उबुंटू आणि फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांची तीच पद्धत, आणि लिनक्सच्या इतर अनेक प्रकारांत वापरल्या जाणाऱ्या कॅलामारेस या इन्स्टॉलरमध्येही ती सोय आहे. पण आयपी पत्ता म्हणजे घराचा पत्ता नव्हे. तो कोणत्या कंपनीच्या नावावर कुठे नोंदलाय, एवढंच इन्स्टॉलर ज्या यादीत गाव शोधतो तिला माहीत असतं. व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून वळवणारी सोय) चालू असेल, ऑफिसचं नेटवर्क परदेशातल्या सर्व्हरमधून बाहेर पडत असेल, तर नाशिकमध्ये बसलेला माणूस सिंगापूरचा ठरतो. नेटच नसेल तर काही इन्स्टॉलर आधीच ठरवून ठेवलेलं शहर पुढे करतात. कॅलामारेसमध्ये मुळात ते न्यूयॉर्क आहे.

विंडोजमध्ये गोष्ट थोडी निराळी. सुरुवातीच्या पडद्यावर ‘टाइम अँड करन्सी फॉरमॅट’ विचारतात, तो टाइमझोन नव्हे. तारीख आणि पैसे कसे लिहायचे, एवढंच तिथे ठरतं. नंतर देश कोणता हे विचारलं जातं, ते उत्तर खरं महत्त्वाचं. घाईघाईत ‘युनायटेड स्टेट्स’वर पुढे गेलात की पॅसिफिक टाइम पदरात पडतो. अमेरिकेहून भावाने आणलेला लॅपटॉप तर तिकडचीच वेळ घेऊन येतो.

दुसरी पायरी: इन्स्टॉल करतानाच अडवा

व्हीपीएन बंद ठेवा. नकाशाचं पान आलं की आपोआप निवडलेलं शहर वाचा, नुसतं ‘पुढे’ दाबू नका. नकाशावर क्लिक करून मुंबई शोधण्याच्या भानगडीत पडू नका, त्या इवल्या ठिपक्यांत बोट हमखास शेजारच्या देशात जातं. शोधायच्या चौकटीत कोलकाता टाइप करा किंवा आधी एशिया, मग कोलकाता निवडा.

कोलकाताच का, मुंबई का नाही? ही यादी ज्या टाइमझोन डेटाबेसमधून येते, तिथे १९७० पासून घड्याळं सारखी चाललेल्या प्रदेशाला एकच नाव मिळतं आणि ते बहुधा तिथल्या मोठ्या शहराचं असतं. त्यामुळे अख्खा भारत ‘एशिया/कोलकाता’ आहे. जुन्या सिस्टिमवर ‘एशिया/कलकत्ता’ दिसेल, तेही तेच. मुंबईकरांना वाईट वाटत असेल तर एक गंमत सांगतो: स्वातंत्र्यानंतरही १९५५ पर्यंत मुंबईत वेगळा ‘बॉम्बे टाइम’ चालायचा, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. तो टिकला असता तर यादीत मुंबईही आली असती आणि आपल्या डोक्याला आणखी एक ताप.

डेबियन हा लिनक्सचा प्रकार टाकणाऱ्यांसाठी खास सूचना. त्याचा नेहमीचा इन्स्टॉलर देश विचारतो आणि फक्त त्याच देशातले टाइमझोन दाखवतो. भाषा इंग्रजी निवडल्यावर येणाऱ्या देशांच्या यादीत भारत आहे, तो घ्या. तिथे अमेरिका निवडलीत, तर पुढे ईस्टर्न, सेंट्रल, पॅसिफिक असे तिकडचेच टाइमझोन समोर येतील आणि कितीही खाली गेलात तरी कोलकाता सापडणार नाही. मागे जाऊन देश बदलणं हाच उपाय. भारत निवडलात तर टाइमझोनचा प्रश्नच येत नाही, कारण आपल्याकडे एकच आहे. त्या पानाची वाट बघत बसू नका.

तिसरी पायरी: इन्स्टॉल होऊन गेलं असेल तर

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि मग ‘डेट अँड टाइम’. ‘सेट टाइम झोन ऑटोमॅटिकली’ बंद करा, ते चालू असेपर्यंत खालची यादी हाताने बदलता येत नाही. मग ‘यूटीसी अधिक ५:३०’ शोधा. तिथे दोन ओळी दिसतील: एकीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली, दुसरीत श्री जयवर्धनेपुरा. पहिली घ्या. ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ मात्र चालूच ठेवा. शेवटी त्याच पानावरचं ‘सिंक नाऊ’ बटण दाबा.

आपोआप टाइमझोन ओळखणं कायमचं बंद ठेवावं का? लॅपटॉप महाराष्ट्राबाहेर फारसा जात नसेल, तर माझ्या मते खुशाल बंद ठेवा. भारतात कुठेही गेलात तरी टाइमझोन एकच. शिकायला जर्मनीला निघालेल्या मुलीच्या लॅपटॉपवर ते चालू हवं, पण तिथे लोकेशन सेवाही चालू लागते. नाहीतर विंडोजला गाव कळणार कसं?

उबुंटूमध्ये सेटिंग्जमधल्या तारीख-वेळेच्या पानावर ‘ऑटोमॅटिक टाइम झोन’ बंद करून कोलकाता निवडा. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, सवय असेल तर तपासणं आणखी सोपं: ‘टाइमडेटसीटीएल’, सगळी रोमन अक्षरं लहान आणि जोडून. नुसता तेवढाच शब्द दिलात तर लोकल टाइम, युनिव्हर्सल टाइम, आरटीसी टाइम (मदरबोर्डवरच्या घड्याळाची वेळ) आणि टाइमझोन एकाखाली एक दिसतात. टाइमझोनच्या ओळीत कोलकाता हवं. नुसतं ‘आयएसटी’ बघून समाधान मानू नका, इस्रायलची वेळही त्याच तीन अक्षरांत लिहितात आणि आयर्लंडची उन्हाळी वेळसुद्धा.

चौथी पायरी: टाइमझोन कोलकाता आहे, तरी साडेपाच तास चुकतंय

आता तो राहिलेला आजार. मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डवर, एक छोटं घड्याळ असतं, ते लॅपटॉप बंद असतानाही चालतं. लिनक्स त्यात यूटीसी लिहून ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ. समजा सकाळी दहाला तुम्ही लिनक्स बंद केलं. मदरबोर्डच्या घड्याळात साडेचार राहिले. लगेच विंडोज सुरू केलंत, त्याने ते साडेचार जसेच्या तसे दाखवले. मग विंडोजने इंटरनेटवरून वेळ जुळवली आणि तिथे दहा लिहिले. पुन्हा लिनक्समध्ये गेलात, त्याला वाटलं हे यूटीसीचे दहा, त्याने साडेपाच मिळवले आणि दुपारचे साडेतीन दाखवले. इथे टाइमझोन शंभर वेळा बदललात तरी काही होणार नाही.

दोघांपैकी एकाने माघार घ्यायला हवी. सोपा मार्ग म्हणजे लिनक्सला स्थानिक वेळ मान्य करायला लावणं: टाइमडेटसीटीएल, एक जागा सोडून ‘सेट-लोकल-आरटीसी’, पुन्हा जागा सोडून इंग्रजी आकडा 1. यानंतर तोच प्रोग्रॅम एक इशारा दाखवतो की या पद्धतीला पूर्ण पाठिंबा नाही आणि उन्हाळी वेळेच्या बदलात घोळ होऊ शकतो. इशारा खरा आहे, पण भारतात घड्याळं पुढे-मागे करायची पद्धत नाही, म्हणून इथे राहणाऱ्याने फार मनावर घेऊ नये. युरोप-अमेरिकेत असाल तर उलट करा: विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) बदल करून त्यालाच यूटीसी वापरायला सांगा. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवा.

बदल केल्यावर दोन्ही सिस्टिम आळीपाळीने सुरू करा. पहिल्यांदा बघताना वाय-फाय बंद असू द्या, नाहीतर इंटरनेट चूक झाकून टाकतं आणि दुरुस्ती झालीय की नाही ते कळत नाही.

आणि फरक तासांचा नसून वर्षांचा असेल, लॅपटॉप दर वेळी कुठल्यातरी जुन्या तारखेला जागा होत असेल, तर इन्स्टॉलरला बोल लावू नका. मदरबोर्डवरचा सेल संपलाय. डेस्कटॉपमध्ये तो बहुतेक वेळा सीआर २०३२ असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो.