दोन वर्षांचं मूल नवीन काही खातच नाही? या चुका टाळा

माझी मुलगी दीड वर्षाची होईपर्यंत दुधी, पालक, लाल भोपळा सगळं खात होती. मग एका दुपारी तिने मऊ भातातला गाजराचा तुकडा जिभेने बाहेर ढकलला, दोन बोटांत धरला आणि माझ्या हातावर ठेवला. त्यानंतर कित्येक दिवस वरणभात, पोळी आणि केळं, एवढ्यावरच तिचं जेवण चाललं होतं.

मला वाटलं काहीतरी बिघडलं. पण हे वयच तसं असतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळजवळ तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र साधारण 2 ते 2.5 किलोच वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. त्यातच या वयात अनोळखी पदार्थाची भीती वाटू लागते. आपण मात्र ताटभर वाढतो आणि मूल उपाशी राहिलं म्हणून हळहळतो. एका पदार्थाचं माप म्हणून वयाच्या दर वर्षामागे एक मोठा चमचा धरा. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भाजी पुरते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जबरदस्ती. मीही केली. हात धरून, गाल दाबून घास कोंबला की तो एक घास पोटात जातो, पण त्या भाजीची धास्ती मनात बसते. दुसऱ्या दिवशी वाटी दिसताच तोंड घट्ट मिटतं. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी मांडलेली विभागणी मला फार उपयोगी पडली: काय, कधी आणि कुठे द्यायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आजीने भरवलेला चिऊचा घास, काऊचा घास मला मनापासून आवडतो. फक्त मुलाने मान फिरवली की चिऊ-काऊनेही थांबायचं.

‘दोनदा देऊन पाहिलं, नाही आवडत तिला’ म्हणून पदार्थ कायमचा बंद करणं ही दुसरी चूक. नवी चव ओळखीची व्हायला 8 ते 15 वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ती समोर यावी लागते. आमच्याकडे बिटाच्या कोशिंबिरीचं असंच झालं. पहिले दोन-तीन दिवस तिने वाटी लांब सारली. मग एकदा बोट बुडवून दह्याचा गुलाबी रंग ताटभर फासला. मी काहीच बोलले नाही, तेवढं जमवलं. पुढे कधीतरी तेच बोट तिने चाटलं. एक चमचा कोशिंबीर खायला तीन आठवडे लागले. त्या काळात ताटात वरणभात रोज होताच. नव्या पदार्थाशेजारी ओळखीचा एक पदार्थ असला की मूल उपाशी उठत नाही आणि आपलाही धीर सुटत नाही.

जेवण नाकारलं की ‘निदान दूध तरी पिऊ दे’ म्हणून बाटली पुढे करणं फार महागात पडतं. दिवसाला 500 मिलीच्या वर दूध गेलं की भूक मरते. शिवाय दुधात लोह अगदी कमी असतं आणि ते इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली 6 ते 59 महिन्यांची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली, त्यामुळे हे हलक्यावारी घेऊ नका. दूध जेवणानंतर, पेल्यातून द्या. मुगाच्या धिरड्यावर, पालकाच्या डाळीवर थोडं लिंबू पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाआधीच्या दीड-दोन तासांत बिस्किट, मुरमुरे, रस काही नको.

मोबाइल लावून भरवलेलं मूल ताटाकडे बघतच नाही, मग पदार्थाशी ओळख कशी व्हायची? ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हेही टाळा. त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढंच मूल शिकतं.

भाजी लपवून देणं चूक नाही, पण कायम लपवू नका. थालीपीठ आवडतं ना? आधी त्यात दुधी बारीक किसून घाला, मग जाडसर किसा, मग शेजारी दोन मऊ फोडी ठेवा. किसताना मुलाला जवळ बसवा, दुधी हातात द्या. मात्र कच्च्या गाजराचे तुकडे, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं घशात अडकू शकतात. शेंगदाण्याचं कूट करा, गाजर शिजवा, द्राक्षं उभी चिरा.

वजन घटत असेल, प्रत्येक जाडसर घासाला उमासे येत असतील, खाण्याचे पदार्थ कमी कमी होत चालले असतील किंवा मूल माती, खडू, भिंतीचा चुना खात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासण्याबद्दल विचारा. आठवडाभर काय काय खाल्लं ते लिहून न्या, डॉक्टरांना त्यावरून बरंच कळतं.