कापलं तर रक्त थांबवा, मग बोटं हलवून बघा

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. बीड, धारूर, केजकडचे असे हजारो कोयते दसरा-दिवाळीनंतर फडावर जातात. अपघात विभागात थोडे दिवस काढले, की जखम बघूनच अवजार ओळखू येतं.

ऊस डाव्या हातात धरून उजव्याने बुडाशी घाव घालताना कोयता निसटला, तर तो डाव्या हातावर नाहीतर डाव्या नडगीवर बसतो. ज्वारी काढताना विळा आपल्याकडे ओढला जातो आणि ताटं धरलेली डावी मूठ त्याच्या वाटेत येते. विळीचं पातं जागचं हलत नाही, हातच पुढे जातो, म्हणून अंगठ्याचं नि तर्जनीचं टोक सोलतं. वार अडवताना झालेल्या जखमा मात्र तळहातावर आणि कोपराखाली असतात. 'भाजी चिरताना लागलं' म्हटलं तरी डॉक्टरांच्या लक्षात येतं.

कापल्यावर पहिलं काम दाब देण्याचं. धुतलेलं कापड जखमेवर ठेवून घड्याळ लावून १० मिनिटं घट्ट दाबा आणि हात वर धरा. मधेच उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. हळद, चुना, तंबाखू, कॉफी काही भरू नका, कारण टाके घालण्याआधी ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि बोंब तुम्हीच मारता. सुतळीने बोट आवळणंही नको. हातापायातून रक्ताची धारच लागली आणि दाबूनही थांबेना, तरच ओढणीसारखा रुंद पट्टा जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, रक्त थांबेपर्यंत आवळा आणि वेळ लिहून ठेवा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. विळ्याने अर्धा इंच कापलेलं असतं, रक्त थांबतं, बाई चिंधी बांधून पुन्हा कापणीच्या पातीला लागते. तीन आठवड्यांनी ती येते, कारण भाकरी थापताना करंगळी वाकत नाही. बोट ओढणारी दोरी, म्हणजे कंडरा, आत तुटलेली असते आणि तुटलेलं टोक एव्हाना वर सरकून बसलेलं असतं. ताजी असताना ती शिवणं सोपं, उशिरा फार अवघड. म्हणून रक्त थांबलं की बोटाचं मधलं पेर धरून फक्त टोक वाकवायला सांगा, मग बोट सरळ करायला सांगा. डोळे मिटायला सांगून टोकाच्या दोन्ही कडांना कापूस लावा आणि स्पर्श कळतो का ते विचारा. यातली एक जरी गोष्ट जमली नाही, तर जखम केवढीही असो, त्याच दिवशी टाके घालणाऱ्या दवाखान्यात जा.

बोट तुटून पडलं, तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते गोठून वाया जातं.

पोटात किंवा छातीत पातं रुतलेलं असेल तर ओढून काढू नका. पात्यानेच रक्त अडवलेलं असू शकतं. ते हलणार नाही असं कापडाने आधार द्या, पाणीही पाजू नका, १०८ लावा. बाहेरून बोटभर दिसणारी जखम आत आतड्यापर्यंत गेलेली असू शकते. भांडणातली जखम असली की नातेवाईक 'पोलीस केस' म्हणून घुटमळतात. घुटमळायची गरज नाही: आधी उपचार, कागद नंतर, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावलंय.

मातीत वापरलेल्या अवजाराने लागलं असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील, किंवा कधी घेतलं ते आठवत नसेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा.

आणि टाके. खाडा पडेल म्हणून आठव्या दिवशी फडावरच दाढीच्या ब्लेडने टाके काढणारे भेटतात. सांध्यावरचे टाके १० ते १४ दिवस ठेवावे लागतात. नेमका दिवस डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी मुकादमालाही दाखवा.